शंभर किलोवॉट अंधार

विजेची मागणी ही देशाच्या प्रगतीची नाडी असते आणि संध्याकाळी सहा ते दहा या वेळात ती सर्वांत जोरात उडते. हे वाक्य वीज कंपनीच्या मोठ्या साहेबांनी २००६ सालच्या मार्च महिन्यात आमच्या वसाहतीच्या सभागृहात माईकवरून उच्चारलं. त्यापुढचं वाक्य कुणाला ऐकू आलं नाही, कारण लाईट गेली.

वसाहत म्हणजे नाशिक-सिन्नर रस्त्याला लागून असलेली सहकारी औद्योगिक वसाहत. अडतीस कारखाने, एक सभागृह, एक चहाची टपरी. कपाटं, बादल्या, मसाला, नटबोल्ट, खोकी असा जगाला लागणारा माल इथे तयार होतो. खोकी मी तयार करतो. त्या उन्हाळ्यात आठवड्यातून तीन संध्याकाळी आमची वीज जायची. साहेबांनी अंधारातच उपाय सांगितला. वसाहतीने सहा ते दहा या वेळात आपणहून शंभर किलोवॉट वापर कमी करून दाखवावा. मग इथलं भारनियमन बंद. हा वापर कुणी आणि कसा कमी करायचा, हे ठरवायला कंपनीने पुण्याहून एक तज्ज्ञ पाठवली होती. तिचं नाव मोहिनी. वय सत्तावीस-अठ्ठावीस, हातात लॅपटॉप, आणि माणसं पैशासाठी काहीही करतात यावर गाढ श्रद्धा.

"सक्ती करायची नाही," मोहिनी मॅडम म्हणाल्या. "बाजार उभा करायचा. ज्याला संध्याकाळी कारखाना बंद ठेवणं परवडतं, त्याने आपला भाव सांगायचा. सगळ्यांत कमी भाव सांगेल त्याचा अंधार बाकीच्यांनी मिळून विकत घ्यायचा. तो पैसे घेऊन बंद ठेवेल, बाकीचे निर्धास्त चालू ठेवतील. बंद पाकिटात भाव लिहून द्या."

पाकीट म्हटल्याबरोबर सभागृहात कुजबुज झाली. पाकिटं वसाहतीच्या संघाच्या कचेरीत उघडली जाणार, आणि कचेरीतला कारकून बादलीवाल्या भिका खैरनारचा साडू. तेव्हा पाकीट नको, उघड लिलाव करा असं ठरलं. लिलाव म्हटल्यावर नाशिक जिल्ह्यात माणूस शोधावा लागत नाही. संघाचे हिशेबनीस मोतीराम यांनी उभी हयात कांद्याच्या बाजारात बोली पुकारण्यात घालवली होती. त्यांच्या आवाजाला माईक लागत नसे, ही त्या दिवसांत मोठीच सोय होती.

मॅडमनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. "काका, इथे उलटं आहे. भाव खाली खाली न्यायचा. जो सगळ्यांत कमीला तयार होईल, त्याला द्यायचं."

"म्हणजे मालवाल्याला कमीत कमी भाव?"

"हो."

"मग उलटं कुठंय? तीस वर्षं तेच केलं की मी."

मोतीरामांनी चार रुपयांपासून पुकारा सुरू केला. एका किलोवॉटला, एका संध्याकाळचे. मॅडमच्या अंदाजाप्रमाणे इथून लोक साडेतीन, तीन, अडीच असे उतरणार होते. कुणी हू की चू केलं नाही. मोतीरामांनी सवयीने पाच म्हटलं. सहा म्हटलं. अडतीस मालक भिंतीवरच्या बंद पंख्याकडे बघत बसले.

मॅडमना जे ठाऊक नव्हतं ते असं. आमची वसाहत हायवेवर आहे. संध्याकाळी एस.टी.च्या खिडकीतून आख्खा जिल्हा आमच्याकडे बघत जातो. सात वाजता ज्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये उजेड नाही आणि ठोकल्याचा आवाज नाही, तो कारखाना बसला, असं मानण्याची पद्धत आहे. बस सिन्नरला पोचायच्या आत बातमी पोचते आणि दुसऱ्या दिवशी पत्रा देणारा उधारी मागायला येतो. तेव्हा संध्याकाळ बंद ठेवणं परवडतं असं चारचौघांत सांगणं म्हणजे आपण बुडालो असं आपल्याच तोंडाने पुकारणं. एवढा मोकळा स्वभाव आमच्यात कुणाचाच नव्हता.

भाव अकराला गेला, तेव्हा तिसऱ्या रांगेतून खंडेराव डेर्ल्यांचा हात वर आला.

खंडेरावांचा लोखंडी कपाटांचा कारखाना. पत्रा दाबायची प्रेस, रंग भाजायची विजेची भट्टी, सगळं मिळून बरोबर शंभर किलोवॉट. "मला काय, दिवसा काम उरकतं," ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले. खरी गोष्ट त्यांनी मला नंतर सांगितली. सहा महिने ऑर्डर नव्हती. संध्याकाळी ते प्रेस रिकामीच ठोकत ठेवत. रिकाम्या प्रेसलाही वीज लागतेच. आता वीज वाचणार होती आणि वर संध्याकाळचे अकराशे मिळणार होते. धंद्यात पडल्यापासून इतका चोख नफा त्यांनी पाहिला नव्हता.

करार तीन महिन्यांचा झाला. त्यात मॅडमनी एक कलम घातलं: विकलेली संध्याकाळ कधी परत हवी असली, तर तेवढाच अंधार दुसऱ्या कुणाकडून विकत आणून द्यायचा. न देता कारखाना चालू केला, तर सगळ्या वसाहतीचं भारनियमन दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू. खंडेरावांनी कलम न वाचता सही केली. संध्याकाळ परत कशाला लागेल?

नवव्या दिवशी लागली.

निफाडहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, मालनबाईंचा फोन आला. "खंडू, कारखाना इकला का रे?"

"नाही आक्का. कोण म्हणतं?"

"दत्तूनाना म्हणत्यात. त्यांचा मेव्हणा बसनं गेला, म्हणे डेर्ल्याच्या शेडात मिट्ट अंधार, कुत्रं झोपलेलं दारात."

आता हे दत्तूनाना साधे नव्हते. निफाडकडे त्यांची द्राक्षाची बाग, स्वतःचं कोल्ड स्टोरेज, आणि खंडेरावांच्या निकिताचं लग्न त्यांच्या धाकट्याशी ठरत आलेलं. मुलगी बघून झाली होती, घर बघून झालं होतं, पत्रिका जुळत नव्हत्या त्या जुळवून झाल्या होत्या. निकिताला मुलगा मनापासून पसंत होता. ही बाब सर्वांत कमी महत्त्वाची असल्यामुळे ती सगळ्यांत आधीच विचारून घेतली होती.

"नाना म्हणत्यात," मालनबाई म्हणाल्या, "कारखाना चालू बघू, मग सुपारी फोडू. शुक्रवारी साडेसहाला येत्यात."

"दिवसा या म्हणावं ना!"

"दिवसा? माल उतरायचा हंगाम चाललाय. दिवसा त्यांना पानी प्यायला टाईम नाय. आन खंडू, अंधारात पोरगी देता येती, पन अंधारात कारखाना दाखवता येत नाय."

खंडेरावांनी आधी जनरेटर शोधला. सिन्नरपासून नाशिक रोडपर्यंत एकही मोकळा नव्हता. लग्नसराईमुळे सगळे जनरेटर लग्नांतच अडकले होते. शेवटी ते मोहिनी मॅडमकडे आले आणि आपली शुक्रवारची संध्याकाळ परत मागितली.

मॅडमचा चेहरा उजळला. बाजारात पहिल्यांदाच खरा गरजू ग्राहक आला होता. "उत्तम! यालाच दुय्यम बाजार म्हणतात. बुधवारी बैठक लावू."

बुधवारी सगळे आले. खंडेरावांना शुक्रवारच्या एका संध्याकाळपुरता शंभर किलोवॉट अंधार विकत हवा होता, आणि का हवा होता हे टपरीपासून सगळ्यांना माहीत होतं. मोतीरामांनी अकरापासून पुकारा सुरू केला. सभागृह गप्प.

"पंधरा देतो," खंडेराव म्हणाले.

गप्प.

"वीस."

मोतीरामांनी त्यांना हळूच सांगितलं, "खंडूशेठ, समोर कुणी बोली करत नसताना भाव वाढवायचा नसतो. तुम्ही तुमच्याशीच चढाओढ करून ऱ्हायले."

"चाळीस," खंडेराव म्हणाले. "मोतीराम, पुकारा."

मोतीरामांनी चाळीस एक वार, चाळीस दोन वार केलं. भिका खैरनार बुटाची लेस बांधायला वाकला. त्याच्या पायात चप्पल होती. मसाल्याच्या चक्कीवाल्या सरुबाई पदर तोंडाला लावून खोकल्या. मी पंख्याकडे बघितलं. तिसरा वार हवेतच विरला आणि एकेक माणूस उठून बाहेर पडला.

"चाळीस रुपये आणि शून्य पुरवठा," मॅडम स्वतःशी म्हणाल्या. "असं पुस्तकात नाही."

पुस्तकात नाही, पण सोपं आहे. खंडेरावांच्या मुलीचं लग्न ठरायच्या बेतात. त्यात चार भांडी द्यायची, जेवणाच्या पंगतीत वाढायला उभं राहायचं, रुसलेल्या व्याह्याला चहा पाजायला न्यायचं. आणि इथे लग्नघराला संध्याकाळ विकून चाळीस रुपये भाव घ्यायचा? मेल्यावर खांदा द्यायला तरी कोण आलं असतं? पैसे घ्यायचे नाहीत हे प्रत्येकाच्या मनात पक्कं होतं. पण फुकट देतो असंही भर सभेत म्हणता येईना, कारण मग संध्याकाळी आपलं काहीच अडत नाही हे उघड झालं असतं. म्हणून बोललं कुणीच नाही.

खंडेराव मात्र एवढंच समजले, की वीस वर्षांच्या शेजारात एक माणूस आपल्या मदतीला उभा राहिला नाही. गुरुवारी ते कुणाशी बोलले नाहीत. टपरीवर त्यांनी माझ्यादेखत स्वतःच्या चहाचे पैसे दिले. आमच्याकडे एवढा अपमान पुरतो.

शुक्रवार उजाडला. घरी बसवलेले बारा कामगार खंडेरावांनी बोलावून आणले. कपाटं करायला पत्रा नव्हता, तेव्हा गोदामातलं एक जुनं कपाट काढून रांगेत घातलं. पावणेसहाला ते मेन स्विचपाशी उभे राहिले. शेजारी निकिता. ती कारखान्याचा पत्रव्यवहार बघायची, त्यामुळे कलम तिने वाचलेलं होतं.

"पप्पा, चालू केलं तर उद्यापासून सगळ्यांची लाईट जाईल."

"नाही केलं तर तुझं लग्न जाईल."

"सरुबाईंचा मसाला रात्री दळला जातो. भिकाकाकांच्या मशीनमध्ये मधेच लाईट गेली की प्लॅस्टिक थिजतं."

"त्यांनी केला का विचार माझा? चाळीस दिले होते मी, चाळीस!"

"मग करा चालू," निकिता म्हणाली. "लग्नाच्या पत्रिका वाटायला मात्र तुम्हीच जा वसाहतीत."

खंडेरावांचा हात स्विचवर होता. सहा वाजले, सहा पाच झाले. मग त्यांनी हात खाली घेतला, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आक्काला फोन लाव. म्हणावं, येऊ नका."

तेवढ्यात मोहिनी मॅडम धावत आल्या. कानाला मोबाईल. "चालू करा! डेर्ले, चालू करा! सबस्टेशनवरून फोन आहे. वापर उतरलाय."

"किती उतरलाय?"

"ते विचारतायत की तुमच्या वसाहतीची तार तुटली का!"

झालं होतं ते असं. पाच वाजून पन्नास मिनिटांनी मी माझ्या बारा किलोवॉटच्या मशीनचा स्विच बंद केला. कुणाला न सांगता. शंभर भरणार नाहीत हे मला कळत होतं, पण आपल्याकडून आपलं झालं. कुलूप लावून बाहेर आलो, तर समोर भिका खैरनार कुलूप लावत होता.

"तू कुठं चालला?" मी विचारलं.

"डोकं दुखतंय. तू?"

"माझंपण."

सरुबाईंच्या चक्कीचा आवाज थांबला. त्यामागोमाग नटबोल्टवाले, मग वेल्डिंगवाले. सदतीस कारखान्यांत सदतीस मालकांची डोकी दहा मिनिटांच्या आत दुखायला लागली. सव्वासहाला वसाहतीत काळं कुत्रं दिसेना.

साडेसहाचे सव्वासात करून दत्तूनानांची जीप आली, तेव्हा त्या एवढ्या अंधाऱ्या माळावर एकच शेड लग्नाच्या मांडवासारखी लखलखत होती आणि आतून प्रेसचा धाड-धाड आवाज येत होता. दत्तूनाना उतरले. पांढरी टोपी, कडक इस्त्री, चेहऱ्यावर द्राक्षाच्या भावाची काळजी. मालनबाई जीपच्या मागच्या बाजूने उतरल्या.

कारखाना बघणं सुरू झालं. ते एकुलतं कपाट प्रेसखालून निघे, रंगाला जाई, भट्टीत शिरे, बाहेर येई आणि मागच्या दाराने फिरून पुन्हा प्रेसखाली येई. पाऊण तासात त्याला चार हात रंग बसला. तिसऱ्या फेरीला दत्तूनाना थांबले.

"खंडेराव, तुमच्या समद्याच कपाटांचं डावं दार वाकडं हे का?"

"मॉडेलच तसं आहे," खंडेराव म्हणाले.

नाना पुढे सरकले. खिडकीतून बाहेर बघितलं. अंधार. दुसऱ्या खिडकीतून बघितलं. तिकडेही अंधार. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"मला एक सांगा. आजूबाजूला समद्यांची लाईट गेलेली. तुमचीच कशी काय चालू?"

खंडेरावांनी तोंड उघडलं. पण मालनबाईंचं आधीच उघडं होतं.

"वजन हे आमच्या खंडूचं! वीज कंपनीतले सायेब घरी जेवायला येत्यात. लोडशेडिंग असू द्या नायतर काय असू द्या, खंडूची लाईट घालवायची कुनाची हिंमत नाय."

दत्तूनाना एकदम बदलले. त्यांनी खंडेरावांचा हात हातात घेतला. "हे आधी नाय का सांगायचं? खंडेराव, देण्याघेण्याचं बोलायचंच नाय आपल्यात. सोनं नको, गाडी नको. फक्त आमच्या गावच्या फीडरचं तेवढं बघा. लाईट जाती, कोल्ड स्टोरेजमधे घड घाम सोडत्यात. तुमी साहेबाला एक शब्द टाका. उद्या सुपारी फोडू."

कपाट भट्टीतून बाहेर आलं. कामगारांनी ते कुठे न्यावं हे न कळून तिथेच धरून ठेवलं. खंडेरावांच्या रूपाने मला प्रथमच असा माणूस दिसला, ज्याला हवं ते मिळालंय आणि पळून जावंसं वाटतंय. (मी डोकं दुखत असूनही खिडकीबाहेर होतो. भिकाही होता. सरुबाईही होत्या.)

"नाना," निकिता म्हणाली, "वजनबिजन काही नाही."

"निके!" मालनबाई ओरडल्या.

"आत्या, थांब. नाना, पप्पांच्या कारखान्याला ऑर्डर नाहीये. म्हणून त्यांनी संध्याकाळी बंद ठेवायचे पैसे घेतले होते. आज तुम्ही येणार म्हणून चालू केलाय. आणि आज चालू करता यावा म्हणून बाहेरच्या सगळ्यांनी आपापले कारखाने बंद ठेवलेत. हे कपाट एकच आहे."

"ते आलं माझ्या ध्यानात," दत्तूनाना म्हणाले. "बाहेरच्या म्हंजे किती जनांनी?"

"सदतीस."

"काय भावानं?"

"पप्पा चाळीस देत होते. कुणी घेतले नाहीत."

नाना खुर्चीवर बसले. त्यांनी बाहेरच्या अंधाराकडे बघितलं. त्यात आम्ही होतो, पण त्यांना दिसत नव्हतो.

"खंडेराव," ते म्हणाले, "माझं कोल्ड स्टोरेज बंद पडलं ना, तर माझा सख्खा भाऊ पेढे वाटंल." मग म्हणाले, "सदतीस घरं. म्हंजे तुमच्याकडनं जेवायला पाचशे तर सहज."

"जास्तच," खंडेराव कसेबसे म्हणाले.

"मंग लग्न तुमच्या दारात नको. आमच्या बागेत करू, जागा मोठी हे. लाईट नसली तरी चालंल. पोरगी खरं बोलती, एवढं दिसलं तरी लय झालं." मग मालनबाईंकडे वळून म्हणाले, "मालनबाई, तुमी मातर जेवायला बसाल तवा मदी बोलू नका."

सुपारी तिथेच फुटली, वाकड्या दाराच्या कपाटावर ठेवून. घाईत भाजलेला रंग ओलाच होता, म्हणून सुपारी चिकटली. खंडेराव बाहेर आले आणि अंधारात कुणाचा हात कुणाचा ते न बघता सगळ्यांचे हात धरत सुटले. भिका म्हणाला, "सोड रे, डोकं दुखतंय माझं."

मोहिनी मॅडमनी पुण्याला अहवाल पाठवला. उच्चतम मागणीच्या वेळात वापर नव्वद टक्क्यांनी कमी झाला, भाव शून्य रुपये. वरून अहवाल परत आला: शून्य भावाला बाजार म्हणता येत नाही, रकाना नीट भरावा. मॅडमनी दोन दिवस विचार करून चाळीस लिहिलं. अहवाल मंजूर झाला, दिल्लीच्या एका परिषदेत वाचला गेला, आणि किंमत योग्य असेल तर उद्योजक आपली मोलाची संध्याकाळही सोडतो, असा निष्कर्ष निघाला.

लग्न मे महिन्यात झालं. त्याआधी संघाच्या बैठकीत खंडेरावांनी हट्ट धरला, की त्या शुक्रवारी प्रत्येकाचं जे नुकसान झालं असेल त्याची निदान नोंद तरी व्हावी. पैसे घेणार नसाल तर नका घेऊ, पण किती उपकार झाले ते मला कळू द्या. मोतीरामांनी त्या महिन्याची उत्पादनाची पत्रकं मागवली आणि दोन दिवस बसून आधीच्या महिन्यांशी ताडून बघितली.

त्या महिन्यात सदतीसपैकी एकाही कारखान्याचा माल एका नगानेही कमी निघाला नव्हता.